ऑफिस सांभाळून कॅमेऱ्यासमोर: नव्या नटांसाठी

राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार असेल, तर अजून काही महिने त्याला तिथेच राहू द्या. "अभिनयासाठी नोकरी सोडू का?" हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि बहुतेकांना हा प्रश्न फार लवकर पडतो. आधी हे बघा की नोकरी चालू असतानाच तुम्हाला थोडंफार काम मिळू लागलंय का. सुट्टीच्या दिवशी एक जाहिरात, रजा टाकून मालिकेतले दोन दिवस, एखादी शॉर्टफिल्म. एवढंही जमत नसेल, तर नोकरी सोडल्यावर फक्त रिकामा वेळ वाढतो. कामं वाढत नाहीत.

आपल्याकडे हा रस्ता जुनाच आहे. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरीला होते. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत कॅशियर होते आणि आंतरबँक नाट्यस्पर्धेतून लोकांच्या नजरेत आले. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ मध्ये त्यांनी पूर्ण वेळ रंगभूमी धरली, पण त्याआधी कित्येक वर्षं ते प्रॅक्टिस सांभाळून नाटक करत होते. यांच्यापैकी कोणीही "चला, आता नट होऊ या" म्हणून सोमवारी सकाळी नोकरी सोडलेली नाही. बँकांची नाट्यमंडळं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. आयटी कंपनीत फार तर ॲन्युअल डेला एक स्किट होतं. त्यामुळे आपला सराव आपल्यालाच शोधावा लागतो.

नोकरीत असतानाची तयारी

संध्याकाळी तालमी करणारा एखादा हौशी ग्रुप शोधा. पुरुषोत्तम करंडक किंवा फिरोदिया या नाट्यस्पर्धा महाविद्यालयीन मुलांसाठी असतात, ते वय आपलं गेलं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा मात्र हौशी संस्थांसाठीच आहे. तिची प्राथमिक फेरी राज्यभरातल्या केंद्रांवर होते आणि त्यात बँकवाले, शिक्षक, एमएसईबीवाले, इंजिनिअर सगळे असतात. आपल्या शहरातल्या केंद्रावर जाऊन आधी चार नाटकं बघा आणि आवडलेल्या संस्थेच्या लोकांना प्रयोगानंतर भेटा. सुरुवातीला ते प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगातलं सामान, मांडायला लावतील. मांडा. दुसऱ्याची तालीम रोज बघत बसणं ही फुकटची शिकवणी आहे.

नाटकातून पाठांतर, आवाज आणि समोरच्याचं ऐकणं येतं. कॅमेऱ्यासमोरचं गणित वेगळं, तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं नसतं. त्यासाठी शनिवार-रविवारची कार्यशाळा चालेल. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रत्येकाचं काम कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करून परत दाखवतात का, बॅचमध्ये किती जण आहेत आणि शिकवणारी व्यक्ती आज स्वतः कुठे काम करते. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचे अल्पकालीन अभिनय अभ्यासक्रम असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) किंवा मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी म्हणजे पूर्ण वेळचं शिक्षण, नोकरी सांभाळून होणारं ते नव्हे. "कोर्स संपला की मालिकेत काम देऊ" असं सांगणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

कंपनीचं नियुक्तीपत्र काढून वाचा. बऱ्याच करारांत बाहेरच्या कमाईवर बंदी असते. तशी अट असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या. मी स्वतः एचआरमध्ये होते, म्हणून सांगते: टीव्हीवर दिसल्यावर विचारणा होण्यापेक्षा आधी मागितलेली परवानगी फार सहज मिळते. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत तर वरिष्ठांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय मानधन घेऊच नका.

पैशाचा हिशेब

समजा, तुमचा घरखर्च हप्त्यांसह महिन्याला ६०,००० आहे. दीड वर्षाचे १०,८०,००० रुपये बाजूला असल्याशिवाय पूर्ण वेळ उडी मारू नये, असं माझं मत. पुण्याहून किंवा नाशिकहून मुंबईत राहायला जाणार असाल तर भाड्याचं डिपॉझिट वेगळं धरा. दीड वर्ष अशासाठी, की या धंद्यात काम मिळणं आणि पैसे मिळणं यांत अंतर असतं. मालिकांमध्ये ९० दिवसांनी पेमेंट ही सर्रास पद्धत आहे. जूनमध्ये शूट केलेल्या दिवसांचे पैसे सप्टेंबरअखेर आले तर ते वेळेवर आले असं समजतात.

आता एक उदाहरण घेऊ. दिवसाला ५,००० ठरले आणि सहा दिवस काम झालं, तर बिल ३०,००० चं. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचे २० टक्के ठरले असतील तर ६,००० गेले. १० टक्के टीडीएस कापला गेला तर आणखी ३,०००. हातात २१,००० आणि तेही तीन महिन्यांनी. हा कापलेला टीडीएस आयकर रिटर्न भरल्यावर हिशेबात येतो, म्हणून पॅन आणि बँकेचे तपशील पहिल्याच दिवशी नीट द्या. चित्रपट कलाकार हा व्यवसाय अनुमानित कर योजनेत बसतो, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या मानधनातलं निम्मं उत्पन्न दाखवून कर भरता येतो. आपल्याला ते लागू होतं का, हे सीएला विचारा. पगारदार असताना फॉर्म १६ आला की आपलं काम संपायचं, इथे तसं नाही. प्रवास, फोटो, कपडे, सगळ्याच्या पावत्या जपून ठेवायची सवय लावा.

आरोग्य विमा लोक हमखास विसरतात. कंपनीचं कव्हर शेवटच्या दिवसाबरोबर जातं. बाहेरची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड पगार चालू असताना सरकत राहतो. क्रेडिट कार्ड, गृहकर्ज असलं काही घ्यायचं असेल तर तेही आधीच. नटाला कर्ज देताना बँक मॅनेजर चेहरा बघून हसतो आणि मग तीन वर्षांची रिटर्न मागतो.

मग सोडायची कधी? ज्या महिन्यात शूटिंगच्या तारखा आणि ऑफिसच्या तारखा खरोखर एकमेकींवर आदळायला लागतात आणि रजा संपतात, त्या महिन्यात. एकदा आदळल्या तर योगायोग म्हणता येईल. सलग तीन-चार महिने तेच झालं, तर नोटीस पिरियडचा विचार करा. तो तीन महिन्यांचा असेल तर बॉसशी आधीच बोला, कारण मालिकेचं प्रॉडक्शन तीन महिने थांबत नाही, तीन दिवससुद्धा थांबत नाही.

आपण कोण दिसतो?

हे थोडं बोचेल. ऑफिसला कंटाळून तुम्ही इकडे येता आणि पहिल्या भूमिका कसल्या मिळतात? बँक मॅनेजर, वकील, डॉक्टर, मुलाखत घेणारा, हिरोला नोकरीवरून काढणारा बॉस. मला अजूनही सगळ्यात जास्त बोलावणी शाळेची मुख्याध्यापिका आणि कडक मॅडम यांसाठी येतात. नवे लोक याला नाक मुरडतात, ते मला पटत नाही. पंधरा वर्षं मीटिंगमध्ये बसलेला माणूस फाईल कशी उघडतो, चष्मा कधी काढतो, वाईट बातमी देताना आवाज कसा खाली आणतो, हे पंचविशीतल्या शिकलेल्या नटाला अभिनय करून आणावं लागतं. तुमच्याकडे ते आयतं आहे. ते वापरा. दारातून आत तर या, वेगळ्या भूमिका मागायला नंतर तोंड राहतं.

भाषेकडेही बघा. ऑफिसात राहून आपलं मराठी अर्धं इंग्रजी झालेलं असतं. बॉसच्या भूमिकेला ते चालून जातं, पण गावाकडची किंवा जुन्या काळातली भूमिका आली की जीभ अडखळते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा. आजोळची मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी येत असेल तर ती घासूनपुसून घ्या आणि प्रोफाइलमध्ये तिचा एक छोटा व्हिडिओ ठेवा. खरी बोली येणारा माणूस शोधताना कास्टिंगवाल्यांची दमछाक होते.

प्रोफाइल

महागडा पोर्टफोलिओ लागत नाही. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर काढलेले सहा-आठ फोटो पुरतात: चेहरा जवळून, समोरून पूर्ण उभा, डावी-उजवी बाजू, एक हसरा, एक फॉर्मल कपड्यांत, एक साडीत किंवा कुर्त्यात. फिल्टर नको. फोटोतला माणूस आणि दारात उभा राहिलेला माणूस एकच दिसला पाहिजे. टक्कल पडत असेल तर पडू दे, पोट सुटलं असेल तर सुटू दे, त्याच चेहऱ्याला काम आहे. सोबत एक मिनिटाचा इंट्रो व्हिडिओ. त्यात नाव, वय, उंची, शहर, येणाऱ्या भाषा, केलेलं काम. ऑफिसातलं पद सांगत बसू नका. पोहणं, बुलेट चालवणं, तबला, लाठीकाठी, जे खरंच येतं तेवढंच सांगा. "घोडेस्वारी येते" म्हणून सांगितलेल्या माणसासमोर सेटवर खरा घोडा आणून उभा करतात.

काम कुठे असतं?

हिंदी मालिका, वेब सिरीज आणि जाहिरातींच्या ऑडिशनचा मुख्य इलाखा म्हणजे अंधेरी पश्चिम आणि त्यातही वर्सोव्याचं आराम नगर. जुन्या बैठ्या बंगल्यांमध्ये कास्टिंगची ऑफिसं आहेत. घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा स्टेशन आणि पुढे रिक्षा. मराठी मालिकांची शूटिंग ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, मीरा रोडकडे, मढ बेटावरच्या बंगल्यांत आणि गोरेगावच्या चित्रनगरीत चालतात. कोल्हापूर, सातारा, नाशिक या भागांतही मालिका चित्रित होतात, आणि तिथे स्थानिक कलाकार लागतातच. कोल्हापूरकराने मुंबईला जाण्याआधी आपल्या गावात काय चाललंय ते बघावं.

ऑडिशनची माहिती मुख्यतः कास्टिंग डिरेक्टर आणि निर्मितीसंस्थांच्या इन्स्टाग्रामवरून, व्हॉट्सॲप ग्रुपवरून आणि सोबतच्या नटांकडून येते. शेवटचा मार्ग सगळ्यात पक्का, म्हणून तालमीतली मैत्री टिकवा. कास्टिंग सहाय्यकांना मेसेज पाठवताना पाच ओळी, एक लिंक, नमस्कार, बस. रोज "सर काही आहे का?" विचारणाऱ्याचा नंबर म्यूट होतो. दोन-तीन महिन्यांनी नवं काही केलं असेल तरच पुन्हा कळवा.

सेल्फ टेप

हल्ली ऑडिशनची पहिली फेरी बहुतेक घरूनच, स्वतः रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर (सेल्फ टेप) होते. सीन संध्याकाळी येतो, व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवा असतो. ऑफिसातल्या माणसाला हे आवडायला हवं, कारण रात्री दहानंतर करता येतं. पण रात्रीचा उजेड वाईट असतो. सकाळी खिडकीकडे तोंड करून उभं राहा, खिडकी पाठीमागे नको. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला, स्टँडवर. छातीपासून वरचा भाग फ्रेममध्ये. मागे एकरंगी भिंत, देव्हारा नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत. पंखा बंद, कुकर बंद, दाराला कडी.

समोरची वाक्यं वाचायला घरातलं कोणीतरी लागतं. त्याला फोनला अगदी चिकटून उभं करा, म्हणजे तुमची नजर लेन्सच्या शेजारी राहील. थेट लेन्समध्ये बघून संवाद म्हणू नका, इंट्रोला मात्र तिथेच बघा. वाचणाऱ्याला सांगा, "सपाट वाच आणि हळू वाच." नवऱ्याला किंवा बहिणीला अचानक अभिनयाचा जोर चढतो आणि टेपमध्ये त्यांचाच आवाज जास्त ऐकू येतो. माझ्या घरी हा वाद अजून मिटलेला नाही.

सीन पाठ करताना वाक्यांबरोबर हेही ठरवा, की या माणसाला समोरच्याकडून काय हवंय. तेवढं पक्कं असलं की हातवारे आपोआप कमी होतात. एक टेक जसा सुचला तसा, दुसरा थोडा वेगळा: पहिल्यात राग दाखवला असेल तर दुसऱ्यात तो गिळा. दोनच पाठवा. फाईलला स्वतःचं नाव आणि भूमिकेचं नाव द्या, "व्हिडिओ फायनल २" नको. लिंक पाठवलीत तर ती परवानगी न मागता उघडते का, हे दुसऱ्याच्या फोनवरून तपासा.

जाहिरातीच्या ऑडिशनला आणखी एक प्रश्न असतो: अशाच उत्पादनाची दुसरी जाहिरात केली आहे का? खरं सांगा. चहाची एक जाहिरात चालू असताना दुसऱ्या चहाची केलीत, तर दोन्हीकडून अडचण येते.

पाठवलं की विसरा. नकार कोणी कळवत नाही, फक्त फोन येत नाही. "शॉर्टलिस्ट" म्हणजे काम मिळालं असं नाही आणि "तारखा ब्लॉक करा" म्हणजेही नाही. कॉल टाइम (सेटवर पोचायची वेळ) आणि लोकेशनचा मेसेज आला की मिळालं, आणि तेव्हासुद्धा आईला सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर नको.

फसवणूक

ऑडिशन द्यायला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, कार्ड, कॉस्च्युम डिपॉझिट, "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ", यांपैकी काहीही मागितलं की संवाद तिथेच संपवा. कॉर्पोरेटमधून येणाऱ्यांकडे पैसे असतात हे ठगांना चांगलं ठाऊक आहे. को-ऑर्डिनेटरचं कमिशन काम झाल्यावर, मानधनातून जातं, आधी कधीच नाही. रात्री उशिरा हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या घरी "मीटिंग" असेल तर जाऊ नका आणि न गेल्याचं वाईटही वाटून घेऊ नका. ज्या निर्मितीसंस्थेचं नाव सांगितलं तिच्या अधिकृत पानावरून खात्री करून घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे. तक्रार समिती कोणाची आणि कुठे, हे प्रॉडक्शनला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सेटवरचा पहिला दिवस

कॉल टाइमच्या आधी पोचा आणि पुस्तक न्या. वाट बघणं हा कामाचाच भाग आहे. मालिकेची शिफ्ट साधारण बारा तासांची, त्यातला तुमचा सीन कदाचित शेवटच्या तासात. छोट्या भूमिकेला "दोन-तीन फॉर्मल घेऊन या" असं सांगतात, तेव्हा ऑफिसचे शर्ट पुन्हा बाहेर निघतात. झळझळीत पांढरा, बारीक रेघांचा किंवा कंपनीच्या लोगोचा शर्ट नको. बारीक रेघा कॅमेऱ्यात लहरतात. लेपल माइक कपड्यांच्या आतून लावतात, म्हणून सळसळणारी साडी आणि किणकिणणाऱ्या बांगड्यांबद्दल साउंडवाल्याला आधीच विचारा.

सेटवर स्पॉट, लाइट, मेकअप सगळे दादा किंवा ताई. इथे तुमचं जुनं पद कोणाला माहीत नाही. एके काळी दोनशे माणसं हाताखाली असलेल्याला पंचवीस वर्षांची असिस्टंट डिरेक्टर "सर, इथे नाही, तिथे बसा" म्हणते. तिच्याशी भांडू नका. दिवसभर तुमचं सगळं तिच्याच हातात असतं.

संवाद मेलवर आले असतील तर नशीब. मालिकेत ते बरेचदा सेटवरच, मेकअप चालू असताना हातात पडतात. घरी बसून पाठ करायची सवय असलेल्या नाटकवाल्यांना हा पहिला धक्का. सराव म्हणून रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद दहा मिनिटांत पाठ करून मोबाईलवर म्हणून बघा.

सीन आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळा एकत्र लांबून, मग जवळून (क्लोज), मग समोरच्यावर. मालिकेत दोन-तीन कॅमेरे एकदम चालू असतात, त्यामुळे आपण कधी दिसतोय ते कळत नाही. अशा वेळी पूर्ण वेळ ऐकत राहायचं. कप कुठल्या शब्दाला उचलला, कुठल्या हाताने, घोट घेतला का नुसता ओठाला लावला, हे लक्षात ठेवा, कारण क्लोजमध्ये तेच परत करायचंय. जेवणाचा सीन असेल तर लहान घास घ्या. पाच टेक झाल्यावर श्रीखंड नको होतं. जमिनीवर टेपची खूण असते, तिथे खाली न बघता थांबायला शिका. घरी दोन खुर्च्यांमध्ये चालून ते जमतं. समोरच्याच्या क्लोजला तुम्ही फ्रेममध्ये नसलात तरी संवाद मनापासून द्या. ज्येष्ठ नटांना तुमच्याबद्दल जे मत बनवायचं ते तेव्हाच बनतं.

टेक चुकला तर "सॉरी" म्हणून सगळं थांबवू नका, "कट" येईपर्यंत चालू ठेवा. मेकअपमधला सेल्फी स्टेटसला टाकू नका. कथेचं वळण त्यातून फुटलं की पुढच्या ट्रॅकमधून तुमचं पात्र परगावी जातं.

करार आणि संघटना

एका दिवसाचं काम असलं तरी दर, दिवस, प्रवास, पेमेंट किती दिवसांनी आणि बिल कोणाच्या नावे, हे मेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ऑफिसात रोज "मिनट्स" पाठवणाऱ्या माणसाला हे सांगायला लागू नये, पण कलेच्या क्षेत्रात आलो म्हणून लोक संकोचतात. जाहिरातीत तर नुसता दिवसाचा दर बघू नका: जाहिरात किती काळ वापरणार, टीव्हीवर की फक्त डिजिटलवर, पुढच्या वर्षी पुन्हा चालवली तर पैसे मिळणार का, आणि तोवर तुम्हाला दुसऱ्या कोणत्या जाहिराती बंद.

हिंदी-मराठी मालिका, सिनेमांतल्या कलाकारांची सिंटा (सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन) ही संघटना आहे आणि मराठी चित्रपटांसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. काही कामं झाली की सदस्यत्वाची चौकशी करा. पैसे अडकले तर तक्रारीला जागा मिळते, मात्र हातात करार नसेल तर संघटनाही फार काही करू शकत नाही.

मधले महिने

कामं ओळीने येत नाहीत. मधल्या काळात डबिंग आणि व्हॉइसओव्हरसाठी डेमो करून ठेवा. दक्षिणेतले आणि हिंदी चित्रपट आता मराठीत डब होतात, त्यांना ओठांशी जुळवून बोलणारे लोक लागतात. कॉर्पोरेट फिल्म हा तर तुमचा हक्काचा प्रांत. कंपन्यांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या, ग्राहकसेवेच्या फिल्ममध्ये इंजिनिअर किंवा मॅनेजर लागतो आणि ही फिल्म करून घेणारा माणूस बहुधा तुमच्या जुन्या ओळखीतला निघतो. सेल्स आणि एचआरच्या प्रशिक्षणात रोलप्लेसाठी नट बोलावतात: तुम्ही रागावलेला ग्राहक व्हायचं, शिकणाऱ्यांनी तुम्हाला शांत करायचं. पैसे वेळेवर येतात, कारण तिथे पर्चेस ऑर्डर निघते. जुन्या सहकाऱ्यांना आपण काय करतोय ते सांगायला लाजू नका. लिंक्डइन बंद करायची काही गरज नाही, फक्त नावाखालची ओळ बदला आणि एका मिनिटाचा इंट्रो व्हिडिओ तिथेही लावा.